माझा भाऊ धावायचा

माझा भाऊ धावायचा. लहानपणी सगळीच मुलं धावतात, तसा नाही. मोठा झाल्यावर, मिलमध्ये लागल्यावर, लग्न होऊन एक मुलगी झाल्यावरसुद्धा तो रोज पहाटे उठून कामठी रोडनं धावत जायचा आणि घामानं निथळत परत यायचा. आमच्या वस्तीतल्या बायका नळावर रांगेत उभ्या असायच्या, त्या म्हणायच्या, "कोणाच्या मागं लागला गा? का कोणी तुह्या मागं लागलं?" तो हसायचा आणि हंडे ओलांडून घरात शिरायचा.

आम्ही नागपूरच्या उत्तरेकडच्या वस्तीत राहायचो. बाबा कापडाच्या मिलमध्ये साच्यावर, म्हणजे मागावर, होते. छप्पन साली त्यांनी दीक्षा घेतली तेव्हा मी सतरा वर्षांची होते, भाऊ दहाचा. त्या दिवशी बाबांनी घरातले देव नदीत सोडले आणि परत आल्यावर मला म्हणाले, "आता तू शिक. मास्तरीण हो." मी झाले. महानगरपालिकेच्या शाळेत मी पुढं पस्तीसेक वर्षं शिकवलं.

मायचं दुखणं सुरू झालं ते पासष्ट सालच्या सुमारास. आधी तिची बोटं हलायला लागली. मांडीवर हात ठेवून बसली तरी बोटं आपली चाललेली. मग खांदा उडायला लागला, मान वळायची, तोंड वेडंवाकडं व्हायचं. हातातलं ताट पडायचं. चालताना ती मधेच एक पाय असा टाकायची की पाहणाऱ्याला वाटावं, ही आता फुगडी घालते. पोट्टे मागून नक्कल करायचे. माय मुळात फार शांत बाई होती. त्या शांत बाईचं शरीर असं बेताल झालेलं पाहून मला रडू यायचं, आणि तिला ते दिसू नये म्हणून मी चुलीपाशी जाऊन बसायचे.

नातेवाईक यायचे आणि म्हणायचे, देव सोडले, त्याचं हे फळ. कुठल्यातरी देवऋष्याकडे न्या, उतारा करा. एक चुलते तर गाडी घेऊनच आले होते. बाबा ओट्यावर उभे राहिले आणि म्हणाले, "भीती वाटली म्हणून सोडले नव्हते, आता भीती वाटते म्हणून आणू काय परत? बिमारी आहे ते. बिमारीले बिमारी म्हणा." चुलते रागावून गेले. बाबा आत आले आणि मायला भरवायला बसले. तिचं डोकं एका हातानं धरायचं आणि दुसऱ्या हातानं घास द्यायचा. मान हलायची म्हणून घास कधी गालाला लागायचा, कधी नाकाला. बाबा पुसायचे आणि परत द्यायचे. बाबांची मिलमध्ये पाळी असली की भाऊ भरवायचा, मी शाळेतून आले की मी.

माझ्या लग्नाचे पाहुणे त्याच काळात येत होते. मायकडे पाहून चहा अर्धाच ठेवून जायचे. दोन-तीनदा असं झाल्यावर मीच बाबांना म्हटलं, आता पुरे.

अडुसष्ट साली माय गेली. तोवर ती इतकी वाळली होती की भावानं एकट्यानं तिला उचलून खाटेवरून खाली ठेवलं. तिचं माहेर खाप्याजवळचं, कन्हानच्या काठचं. तिकडून मायचे एक म्हातारे काका मातीला आले होते. सगळं आटोपल्यावर ते बाबांना म्हणाले, "इचा बापही असाच गेला जी. गावात आमच्या घराले नाचऱ्याचं घर म्हणत." बाबांनी ऐकलं. मीही ऐकलं. त्या वेळी त्याचा अर्थ काय, हे आमच्यापैकी कोणालाच उमगलं नाही. एका घरात दोघांना एकच दुखणं झालं, एवढंच वाटलं.

भाऊ तेव्हा मिलमध्ये लागला होता. मिलची धावणाऱ्यांची एक टोळी होती, त्यात तो सगळ्यांत हलका. सव्वीस जानेवारीला शहरात मोठी दौड व्हायची. कस्तुरचंद पार्कातून निघायचं, सीताबर्डीच्या रस्त्यानं जायचं, दीक्षाभूमीच्या बाजूनं वळायचं आणि दुसऱ्या रस्त्यानं परत पार्कात यायचं. पोलीस, रेल्वेवाले, मिलवाले, कॉलेजची मुलं, कोणीही यायचं. सुट्टीचा दिवस, झेंडावंदन आटोपलेलं, थंडीतलं कोवळं ऊन. सगळं शहर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभं. एका वर्षी भाऊ तिसरा आला. बक्षीस म्हणून स्टीलचा डबा मिळाला होता. त्यात वहिनी पुढं डाळ ठेवायची. वहिनी रामटेककडची, धानाच्या शेतात वाढलेली. आमच्याकडे येऊन ती विड्या वळायला शिकली आणि वर्षभरात सासरच्या सगळ्या बायकांपेक्षा तिचा हात जलद चालायला लागला.

शहात्तर सालच्या उन्हाळ्यात एका रविवारी मी भावाकडे गेले होते. मी तेव्हा शाळेजवळ खोली घेऊन राहत होते. वहिनी नळावर गेली होती, भाची खेळत होती. भाऊ आणि मी ओट्यावर बसलो होतो. तो मिलमधलं काहीतरी सांगत होता आणि सांगता सांगता थांबला. स्वतःच्या उजव्या पायाकडे पाहायला लागला. पायाचा अंगठा वर-खाली होत होता.

"ताई," तो म्हणाला, "मायचं आलं न मले?"

"काहीतरीच नको बोलू. थकला असशील. रोज एवढा धावतो तू."

"मी मायले घास भरवले आहेत वं. मले माहीत आहे."

त्यानं पाय दुसऱ्या पायाखाली दाबून धरला. मग दाबलेल्या पायाऐवजी त्याचा खांदा किंचित उडाला, आणि आम्ही दोघांनीही तो पाहिला.

पुढचं सगळं मायसारखंच झालं, फक्त त्याच्या बाबतीत ते लोकांसमोर झालं. माय घरात होती, हा मिलमध्ये. त्याच्या हातून सुताच्या कांड्या पडायला लागल्या. चालताना झोक जायचा. मिलमधले मास्तर तोंडाचा वास घेऊन पाहायचे. ज्यानं जन्मात दारूला शिवलं नव्हतं, त्याला सगळे पिणारा म्हणायला लागले. एकदा पट्ट्यात हात जाता जाता वाचला, तेव्हा त्याला साच्यावरून काढून गोदामात टाकलं. गोदामातही जमेना, तेव्हा घरी बसवलं. त्यात मिलचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. चालू यंत्रापाशी अशा माणसाला कोण उभं करील? पण घरी बसल्यावर भाऊ फार चिडका झाला. भाचीवर ओरडायचा, वहिनीच्या विड्यांचं सूप लाथाडायचा. आणि थोड्या वेळानं स्वतःच खाली बसून एकेक पान वेचायचा. वेचतानाही हात भलतीकडेच जायचा.

मी त्याला मोठ्या सरकारी दवाखान्यात घेऊन गेले. तिथल्या डॉक्टरांनी त्याला चालायला लावलं, जीभ बाहेर काढून धरायला सांगितलं. जीभ बाहेर राहीना, सारखी आत जायची. मग त्यांनी मायबद्दल विचारलं, मायच्या वडलांबद्दल विचारलं. कितव्या वर्षी सुरू झालं, किती वर्षं चाललं. मी सांगत गेले आणि त्यांचा चेहरा उतरत गेला. ते म्हणाले, हा मेंदूचा आजार आहे, घराण्यातून येतो. हालचाल थोडी कमी करायच्या गोळ्या आहेत, आजार थांबवायचं औषध नाही.

भावानं एकच विचारलं. "माझ्या पोरीले?"

डॉक्टर म्हणाले, "सांगता येत नाही. नाणं उडवल्यासारखं आहे. छापा पडेल किंवा काटा." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाले, "तुमचंही तसंच, बाई."

तोवर हे माझ्या मनातच आलं नव्हतं. बाहेर येऊन आम्ही आवारातल्या कडुनिंबाखाली बसलो. भावानं माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "तुले नाही होणार ताई."

"तुले कसं माहीत?"

"तुले धावता कुठं येते? हे धावणाऱ्यायलेच होते." आणि तो हसला. मीही हसले. दवाखान्यातले लोक आमच्याकडे पाहत होते.

गोळ्यांनी हालचाल कमी झाली, पण भाऊही कमी झाला. दिवसभर भिंतीला टेकून बसायचा. भाचीनं काही विचारलं तर उत्तर यायला इतका वेळ लागायचा की ती खेळायला निघून जायची. वहिनी मला म्हणाली, "जागेपणी हे कोण आहे ते मले समजत नाही वं बाई. झोपले का हातपाय थांबतात, चेहरा पहिल्यासारखा होते. मंग मी पाहत बसतो." हे खरं होतं. या आजारात झोपेत सगळं थांबतं. वहिनीला आपला नवरा फक्त झोपलेला असतानाच भेटायचा.

एकोणऐंशीची सव्वीस जानेवारी जवळ आली तेव्हा भावानं कोणाला न सांगता गोळ्या बंद केल्या. हातपाय परत उडायला लागले तसं वहिनीनं विचारलं. तो म्हणाला, "मी दौडीत जातो."

वहिनी रडली, रागावली, मला बोलावून घेतलं. "पडले म्हणजे? डोकं फुटलं म्हणजे? अन् लोक काय म्हणतील?"

"लोक आताही म्हणतातच न," भाऊ म्हणाला. "दुकानात गेलो तं पाहतात, रस्त्यानं चाललो तं पाहतात. पुढच्या वर्षी मले उभंही राहता येणार नाही. मायचं पाहिलं आहे मी. यंदा येते धावता, तं धावू द्या."

बाबा कोपऱ्यात बसून ऐकत होते. तोवर ते बरेच थकले होते. ते म्हणाले, "जाऊ दे त्याले." वहिनी सूप घेऊन मागच्या अंगणात निघून गेली.

त्या दिवशी मी शाळेचं झेंडावंदन उरकून तशीच पार्कात गेले. अंगावर शाळेची पांढरी साडी होती आणि पायात कवायतीच्या तासाला घालायचे कॅनव्हासचे बूट. भाऊ, वहिनी आणि भाची आधीच आले होते. भावानं मिलची जुनी बनियन घातली होती. ती त्याला ढगळ होत होती, कारण अंगावर मांस उरलं नव्हतं. नंबर वाटायच्या टेबलापाशी तुफान गर्दी. टेबलावरच्या माणसानं भावाकडे पाहिलं, कापडाचा नंबर हातातच धरून ठेवला आणि म्हणाला, "भाऊ, सकाळीच घेतली काय?"

भाऊ म्हणाला, "नाही जी. बिमारी आहे."

"मंग बिमार माणसानं कशाले धावायचं? पडला तं जबाबदारी कोणाची?"

मी पुढं झाले. म्हटलं, मी शिक्षिका आहे, हा माझा भाऊ, याच रस्त्यावर तो तिसरा आलेला आहे. मागची रांग ओरडायला लागली होती. तो माणूस कंटाळून म्हणाला, "कोणी सोबत असलं तं पळू द्या. एकटा नाही."

भावाचे मिलमधले सोबती नंबरात यायला धावणार होते, त्यांना कसं अडकवायचं? मी साडीचा पदर खोचला, निऱ्या वर घेऊन कमरेला घट्ट बांधल्या आणि म्हटलं, "मी आहे सोबत." भाऊ माझ्याकडे पाहतच राहिला. वहिनीनं तोंडाला पदर लावला.

सुरुवातीला माणसाला माणूस खेटून उभं होतं. पिस्तुलाचा आवाज झाला आणि मागून लोंढा आला. गर्दीत भावाचा डावा हात उडाला आणि शेजारच्या कॉलेजच्या मुलाच्या तोंडावर बसला. तो मुलगा थांबून अंगावर आला. मी मधे पडले. "राग नको मानू बाबा, आजारी आहे तो." मुलगा शिवी देऊन पुढं गेला.

भाऊ धावता धावता म्हणाला, "आजारी आहे म्हणून काहून सांगते वं? धावून राहिलो न मी."

आणि तो खरोखर धावत होता. मी त्याच्या शेजारी होते म्हणून मला दिसलं. चालताना त्याचा प्रत्येक पाय वेगळ्या बाजूला जायचा. धावताना मात्र पाय एकमेकांना धरून होते. वरचं सगळं अंग, हात, मान, तोंड, आपापल्या मर्जीनं चाललेलं, पण पाय रस्त्यावर जुन्या ओळखीनं पडत होते. मधेच एखादा पाय आडवा जायचा, तो झोक खायचा, मी दंड धरायचे आणि तो सावरून परत लय पकडायचा.

झिरो माईल मागं पडला आणि आम्ही सीताबर्डीच्या मुख्य रस्त्याला लागलो. तिथं माणसं दुकानांच्या पायऱ्यांवर, सायकलींवर, गॅलऱ्यांत उभी होती. पुढचे धावणारे निघून गेले होते, आम्ही शेवटच्या घोळक्यात. कोणीतरी भावाला पाहिलं आणि हसू फुटलं. लोकांना वाटलं, सुट्टीच्या दिवशी कोणी सोंग घेऊन आलंय, करमणूक करायला. सोबत साडी खोचलेली बाई, म्हणजे तर जोडीच. शिट्ट्या सुरू झाल्या. "वा रे पठ्ठे! नाच रे!" एका बाजूनं टाळ्यांचा ठेका धरला, मग दुसऱ्या बाजूनं. सगळा रस्ता ठेक्यात टाळ्या वाजवायला लागला. एका माणसानं पुढं येऊन त्याच्या गळ्यात झेंडूची माळ टाकली.

मला वाटलं, जमीन फाटावी. मी भावाचा दंड घट्ट धरला आणि त्याच्याकडे पाहायचं धाडस केलं नाही. पण त्यानं दंड सोडवून घेतला आणि हात वर केला. लोकांना हात केला. जिंकणारा माणूस करतो तसा. टाळ्या आणखी वाढल्या.

त्या टाळ्या कसल्या होत्या हे त्याला कळलं होतं की नव्हतं, मला आजतागायत माहीत नाही. मी कधी विचारलं नाही. त्याला कळलं नसेल असं धरून चालणं मला सोपं जातं. पण तो हुशार होता, आणि अडीच वर्षं रस्त्यावरचं हसणं ऐकत आलेला होता.

पुढच्या चौकात एका शिपायानं त्याला बाजूला ओढलं. "ए दारुड्या, चल हो बाजूला, लोकायले धावू दे." भावाचे शब्द तेव्हा अडखळायला लागले होते, त्यामुळे तो बोलला ते आणखीच दारू प्यायल्यासारखं वाटलं. मी धापा टाकत सांगायला लागले. मायपासून सांगायला लागले, वेड्यासारखी. शिपाई वाईट नव्हता. त्यानं ऐकून घेतलं, भावाच्या तोंडाशी वाकून वास घेतला आणि त्याचा आवाजच बदलला. "बाई, मंग घरी घेऊन जा न त्याले. काहून हाल करता?"

"त्याला धावायचंय," मी म्हटलं.

शिपायानं हात सोडला. तेवढ्या वेळात उरलेला घोळकाही पुढं निघून गेला होता. मागून एक-दोन दमलेली मुलं येत होती आणि गर्दी रस्त्यावर उतरायला लागली होती.

दीक्षाभूमीच्या बाजूच्या रस्त्याला लागलो तेव्हा वस्ती विरळ झाली. शिट्ट्या थांबल्या. माझ्या छातीत भाता चालला होता, पायात गोळे आले होते. चाळिशीतली बाई, आयुष्यात मुलींना लंगडी शिकवण्यापलीकडे धावले नव्हते. भाऊ मात्र अजून हलकाच होता. माझ्यासाठी तो वेग कमी करत होता आणि वेग कमी झाला की त्याचे पाय चुकत होते. ते मला उशिरा लक्षात आलं.

"ताई," तो म्हणाला, "तू थांब. मी जातो."

"पडशील."

"पडलो तं उठतो."

मी हात सोडला. तो निघाला आणि लगेच त्याचे पाय नीट झाले. मी रस्त्याच्या कडेला गुडघ्यांवर हात ठेवून वाकून उभी राहिले आणि त्याला पाठमोरा पाहत राहिले. गळ्यातली माळ पाठीवर उडत होती, दोन्ही हात हवेत, मान एकीकडे. आणि त्या सगळ्याच्या खाली माझ्या भावाचे पाय, पहाटे कामठी रोडला जाणारे. वळणावर एका झाडाखाली बाबा उभे होते. ते कधी आले, कसे आले, कोणाला सांगितलं नव्हतं त्यांनी. भाऊ त्यांच्यासमोरून गेला. बाबांनी हाक मारली नाही. तो दिसेनासा होईस्तोवर ते पाहत राहिले, मग काठी टेकत माझ्याकडे आले आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला. "तुही माय चांगली चालत होती वं," ते म्हणाले. "तरुणपणी. डोक्यावर दोन हंडे घेऊन." एवढंच.

बाबांना घेऊन मी सायकलरिक्षानं पार्कात पोहोचले तोवर सगळं पांगलं होतं. बक्षिसं वाटून झाली होती. मांडवातल्या खुर्च्या एकावर एक रचून हातगाडीवर चढवत होते. मैदानभर माणसं, फुगेवाले, लहान मुलं. त्या गर्दीत भाऊ खाली बसलेला दिसला. हनुवटी फुटली होती, बनियनवर रक्ताचा ओघळ. वहिनी पदरानं हनुवटी दाबून धरून त्याच्यापुढं बसली होती. भाची बापाच्या पाठीला चिकटून उभी होती.

काय झालं ते वहिनीनं मला नंतर सांगितलं. दौड संपते तिथली दोरी केव्हाच काढून नेली होती. जमिनीवर चुन्याच्या फक्कीची एक पांढरी रेघ तेवढी उरली होती आणि लोक ती तुडवत जात होते, तीही पुसत चालली होती. वहिनीला वाटलं, आता हे येतील तर त्यांना कळणार कसं, कुठं थांबायचं? म्हणून ती भाचीचा हात धरून त्या रेघेवर जाऊन उभी राहिली. हातगाडीवाले म्हणाले, बाई, बाजूला व्हा. ती हलली नाही. मांडववाल्यानं हटकलं, तरी हलली नाही. ऊन डोक्यावर यायला लागलं. मग गर्दीतून भाऊ येताना दिसला. तो दौडीतला आहे हे कोणाला समजतच नव्हतं. लोक त्याला धक्के देत होते, शिव्या देत होते, एका ढकलण्यात तो पडला आणि हनुवटी फुटली. उठला. त्याला रेघ दिसेना, तो भलतीकडेच जायला लागला. तेव्हा वहिनीनं, जिनं लोकांत नवऱ्याला कधी मोठ्यानं हाक मारली नव्हती, तिनं दोन्ही हात वर करून ओरडून सांगितलं, "इकडे! इकडे या! मी इथं आहो!"

तो तिच्यापाशी आला आणि म्हणाला, "संपली काय दौड?"

"आता संपली," वहिनी म्हणाली.

त्यानंतर भाऊ धावला नाही. डॉक्टरांनी परत गोळ्या दिल्या, त्या त्यानं मुकाट्यानं घेतल्या. पुढच्या सव्वीस जानेवारीला तो वहिनीच्या खांद्यावर हात ठेवून अंगणापर्यंत येऊ शकत होता. त्याच्या पुढच्या वर्षी तेही नाही. बाबा मधेच एका थंडीत गेले. लेकाची अखेर पाहायची वेळ त्यांच्यावर आली नाही, असं वस्तीतल्या बायका म्हणाल्या, आणि मीही मान डोलावली.

मी रोज शाळा सुटली की तिकडे जायचे. भरवायचं काम आम्ही दोघींनी वाटून घेतलं होतं. वहिनीला विड्या द्यायला जायचं असायचं तेव्हा मी बसायचे. घास अडकायचा, ठसका लागायचा, डोळे पांढरे व्हायचे. भात कुस्करून, वरणात पातळ करून द्यायचे. बोलणं गेलं होतं, पण त्याला सगळं समजत होतं. भाचीचा मॅट्रिकचा निकाल मी त्याला वाचून दाखवला तेव्हा त्यानं हात उचलायचा प्रयत्न केला. तो हात कुठे जायला निघाला होता आणि कुठे गेला, पण मला समजलं. भाचीलाही समजलं. तिनं तो हात धरून स्वतःच्या डोक्यावर ठेवला आणि वरून दाबून धरला.

सत्याऐंशी साली तो गेला. चाळिशी नुकतीच ओलांडली होती. मिलमधले जुने सोबती आले होते, आता पोटं सुटलेले, केस पिकलेले. त्यांनी खांदा दिला. त्यांच्यातला एक घाटावर मला म्हणाला, "ताई, आमच्यात हाच सगळ्यात हलका होता." मी हो म्हटलं.

वहिनी पुढं बरेच दिवस रात्री दचकून उठायची. इतकी वर्षं ती हलणाऱ्या खाटेचा आवाज ऐकत झोपली होती. "खाट वाजत नाही म्हणून जाग येते," ती म्हणायची. मी तिला माझ्या खोलीवर चल म्हटलं, पण ती आली नाही. भाची तेवढी आली, शिक्षिकेचं शिक्षण घ्यायला.

एके दिवशी संध्याकाळी आम्ही दोघी भाजी निवडत बसलो होतो. तिनं मान वर न करता विचारलं, "आत्या, मले होईल काय?"

तिला कोणी कधी काही सांगितलं नव्हतं. पण आजी, आजीचे वडील, बाप, हे तिनं आपल्या आपण जुळवलं होतं. मी तिला खोटं सांगू शकले असते. पण बाबा ओट्यावर उभे राहून चुलत्यांना काय म्हणाले होते ते मी ऐकलेलं होतं. मी डॉक्टर बोलले ते सगळं तिला सांगितलं. छापा-काट्याचंही सांगितलं. माझंही तसंच आहे, तेही सांगितलं.

ती बराच वेळ मेथीची पानं खुडत राहिली. मग म्हणाली, "माझ्या लग्नाचं कोणी विचारलं तं हे आधी सांगायचं. लपवायचं नाही."

"नाही लपवणार," मी म्हटलं.

आणि आम्ही लपवलं नाही. पहिले पाहुणे ऐकून घेऊन गेले ते परत आले नाहीत. दुसऱ्यांनी तर चहाही घेतला नाही. भाची दोन्ही वेळा कप उचलून आत गेली आणि विसळायला बसली, मी तिच्याजवळ जाऊन बसले. नंतर एका घरानं होकार दिला. त्या मुलानं सगळं ऐकलं, थोडा वेळ खाली पाहत बसला आणि म्हणाला, "मले विचार करू द्या." आठवड्यानं तो एकटाच आला आणि हो म्हणून गेला. तिचं पुढं काय झालं, ते तिचं आहे. तिनं सांगितल्याशिवाय मी लिहिणार नाही.

मला तो आजार झाला नाही. भाऊ ज्या वयात गेला ते वय मी केव्हाच मागं टाकलं, माय गेली ते वयही. डॉक्टर म्हणतात, आता होणार नाही. हे ऐकलं त्या दिवशी मी घरी आले, हातपाय धुतले आणि खाटेवर बसून राहिले. कोणाला सांगावं असं वाटलं, पण माय, बाबा, भाऊ, ज्यांना सांगायचं त्यातलं कोणी उरलं नव्हतं आणि वहिनीला, भाचीला सांगणं बरं दिसलं नसतं.